नाहीशी झालेली माणसं

पहाटे काचोरा गावात तराजू लावतो विल्बर्ट.
माणशी सात किलो, वर एक तोळाही नाही,
असं मोठ्यानं म्हणतो, आणि आठ किलोची पिशवी
हळूच माझ्याकडे सरकवतो.
पालोमाला आकडे कळत नाहीत.
ती कान मागे टाकते, पोट फुगवून धरते,
म्हणजे तंग सैल बसावा.
मीही थांबतो. कधीतरी श्वास सोडावाच लागतो,
खेचराला काय, माणसाला काय.

पहिला दिवस सगळा उताराचा.
आपुरिमाक इतकी खोल, की वरून
तिचा आवाज येत नाही, नुसती पांढरी रेघ,
कुणीतरी खडूनं ओढता ओढता उठून गेल्यासारखी.
पाहुणे हसत उतरतात.
गुडघे बोलू लागतात ते दुपारी.
तोवर मी खाली पोचलेला असतो.
आधी पोचणं हेच माझं काम:
तंबू उभे, पाणी उकळलेलं,
इलारियाच्या पातेल्यात मका शिजत आलेला,
आणि हे सगळं इथंच उगवतं
असा चेहरा करून बसायचं.

रात्री नदीकाठच्या माश्या फोडून काढतात.
पूल वाहून गेला होता तेव्हा
तारेवरच्या पाळण्यात बसवून
आम्ही माणसं पलीकडे ओढली.
खेचरं अलीकडेच राहिली.
मग वरपर्यंत ओझी कुणी नेली, ते कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं, तर मी पाठ दाखवली असती.

दुसऱ्या दिवशी चढ.
या वेळी एक म्हातारी होती, आनेलीस नावाची,
कुठल्याशा सपाट देशातली.
बाराव्या वळणावर बसली ती उठेना.
पालोमावरची ओझी मी माझ्यावर घेतली,
म्हातारीला पालोमावर बसवलं,
आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा
पाहुण्यांच्या मागून चाललो.

म्हणून तिसऱ्या दिवशी ऐकायला मिळालं
विल्बर्ट वर काय सांगतो ते.

चोकेकिराव. सोन्याचा पाळणा, म्हणाला.
सोनं मी पाहिलेलं नाही.
पाळणा पाहिलाय, तो तारेवरचा.
मग म्हणाला, हे ज्यांनी बांधलं
ती माणसं एके दिवशी नाहीशी झाली.
सगळ्यांनी माना हलवल्या. कॅमेरे निघाले.
मी तंग आवळत होतो.

विल्बर्ट परका नाही. इलारियाच्या चुलतबहिणीचा मुलगा.
रात्री चुलीपाशी आमच्याच बोलीत मीठ मागतो.
पण त्याला पैसे त्या वाक्याचे मिळतात,
मिठाचे नाही.

खालच्या पायऱ्यांवर पांढऱ्या दगडांचे लामा आहेत,
भिंतीत बसवलेले, एकामागून एक चढणारे.
त्यांच्यावरची झाडी मी पोरवयात
कोयत्यानं काढलीय, रोजंदारीवर.
एका लामाच्या पोटातला दगड जरा सैल आहे.
बोट घालून बघा, असं म्हणावंसं वाटलं.
पाठीवर ओझं आहे का, ते दगडात कळत नाही.
हाकणारा कुठे असेलच,
तर मला तरी अजून सापडलेला नाही.

"हाकू," मी पालोमाला म्हणालो. चल.
म्हातारीनं विचारलं, हा शब्द किती जुना?
आईचा, मी म्हणालो. तिच्या आईचा.
पुढचं विल्बर्टला विचारा.
ती हसली नाही. भिंतीकडे बघितलं,
मग माझ्या हातांकडे, बराच वेळ.
मला उगाच नखांतली माती आठवली.

परतीला दोन दिवस. तीच नदी, तोच चढ,
फक्त आता उलट्या बाजूचा.
शेवटच्या वळणावर आनेलीस वाकून
पालोमाच्या कानात म्हणाली, "हाकू."
उच्चार वाईट नव्हता.
पालोमा जागची हलली नाही.
कान मागे टाकले,
पोट फुगवलं,
आणि माझी वाट बघत उभी राहिली.